सत्तेचाळीस किलोमीटर

८ फेब्रुवारी

निघालो एकदाचे! नऊला निघायचं ठरलं होतं, अकरा वाजले. कारण नेहमीचंच — मास्तरिणीच्या पिशव्या. चौदा वर्षं आम्ही दोघी मिळून रस्त्यांची पुस्तकं काढतोय, आणि चौदा वर्षं ती "दोनच जोड घेतलेत गं" म्हणत तीन पिशव्या डिकीत कोंबते. शाळा सोडून तिला पंधरा वर्षं झाली, पण डिकीचं झाकण लागेना तेव्हा गृहपाठ न आणलेल्या पोरीकडे बघावं तसं बघितलं माझ्याकडे. जसं काही पिशव्या माझ्याच! मला ती ड्रायव्हर म्हणते. पुस्तकावर मात्र दोघींची नावं एकाच आकाराच्या अक्षरात.

यंदा किनाऱ्यावरची तळी आणि त्यांच्यामागचं जंगल, हे पुस्तक नव्यानं करायचंय. सहा वर्षं जुनं झालं. निम्मे पंप बंद पडलेत, आणि आम्ही जिथं "संडास स्वच्छ" असं लिहिलं होतं तिथून वाचकांची रागीट पत्रं आलीत.

निघताना ड्रायव्हरच्या सीटवर एक नवी उशी. छोटीशी, कमरेमागे टेकवायची. नवऱ्यानं ठेवलेली. महिनाभर पाठ धरतेय हे मी कुणापाशी बोललेही नव्हते. हा माणूस असाच आहे, न सांगता कळतं त्याला. मास्तरीण म्हणाली, "नशीब काढलंस बाई. आमच्या ह्यांना हयातभर सांगूनसुद्धा कळलं नाही."

९ फेब्रुवारी

दिवसभर फाटे मोजले. मी चालवते आणि आकडा ओरडते, ती रस्तावहीत लिहिते. "मोठा फाटा, शून्य. पूल, चार पूर्णांक दोन. पंक्चरवाला, उजवीकडे, नऊ." गाडीला मोठे टायर बसवले तेव्हापासून मीटर कमी दाखवतो, शंभराला सहा कमी. दुरुस्त करून घेऊ घेऊ म्हणत राहून गेलं. मग मीच चालवता चालवता मनात हिशोब करते आणि खरा आकडा ओरडते. नवरा म्हणतो, एक दिवस तू स्वतःच्या वयातही सहा टक्के मिळवशील.

तो बांधकामाचे नकाशे काढतो. सगळं टेबलावर बसून. "तुम्ही दोघी उन्हात भटकता, आणि मी पंख्याखाली बसून तुमच्याहून जास्त रस्ते काढतो," असं चिडवतो. गेल्या वर्षी ऑफिसात त्याला साहेब केलं.

दुपारी पहिलं तळं लागलं. रस्त्याच्या एका अंगाला वाळूचा बांध आणि त्याच्यापलीकडे समुद्र, दुसऱ्या अंगाला गोडं पाणी. डाव्या खिडकीतून लाटा ऐकू येतात, उजवीतून बेडूक. दहा मिनिटं गाडी नुसती उभी केली. मास्तरिणीनं वहीत लिहिलं — "बेडूक. आवर्जून थांबावे."

१० फेब्रुवारी

मास्तरीण म्हणते, यंदा राखीव तळ्याकडे नको जाऊया. गुडघा दुखतोय.

वाईट वाटलं. राखीव ही आमची जुनी पद्धत. प्रत्येक पुस्तकातून एक जागा गाळायची, सगळ्यात सुंदर असेल ती. पुस्तकात नाही, रस्तावहीत नाही, कुणाला सांगायची नाही, घरीसुद्धा नाही. नियम तिचाच. "सगळं छापलं तर आपल्याला काय उरलं?" असं तिचं म्हणणं. ह्या भागातलं राखीव म्हणजे जंगलातलं ते तळं. सहा वर्षांपूर्वी रस्ता चुकलो आणि सापडलं. काठावर एक सपाट खडक आहे, त्याच्यावर बसून पाय पाण्यात सोडता येतात. माझी आई गेली त्या वर्षी मी तिथंच पहिल्यांदा रडले. मास्तरीण शेजारी बसून होती. तिच्यासारखी बाई दोन तास गप्प बसली!

मी म्हटलं, बघू. वाटेतच आहे, तू गाडीत बस.

११ फेब्रुवारी

दाट धुकं. तीन फाटे, सहा चहा.

१२ फेब्रुवारी

क्रमानं लिहिते.

मोठ्या फाट्यावरचा पंप अजून चालू आहे का ते बघायला गेलो. पंप आहे. त्याच्या शेजारी एक बोर्ड, दोन मजली. निळं पाणी, पांढरे बंगले, छत्रीखाली हसणारे आई-बाप आणि मुलं. "जंगलात तुमचं स्वतःचं तळं! इथून फक्त ४७ किमी." खाली नकाशा. सुरूंचा पट्टा, मोडका वजनकाटा, तिथून डावीकडे मातीचा रस्ता.

आमचं तळं.

मास्तरीण चष्मा काढून पुसत राहिली. मग म्हणाली, "सत्तेचाळीस का लिहिलेत? पन्नास आहेत ना?" एवढंच म्हणाली.

तसेच गेलो. मातीचा रस्ता आता डांबरी झालाय. जिथं फांद्या बाजूला करत चालत जायचो तिथं फाटक आणि चौकीदार. त्याला वाटलं आम्ही बंगला बघायला आलोय. बोलका होता. म्हणाला, "बोर्डात घोळ आहे ताई. रोज दोन-चार गाड्या तीन किलोमीटर अलीकडेच झाडीत शिरतात. परवा तर एक कुटुंब तिथंच डबा खाऊन, फोटो काढून परत गेलं." मला हसू आलं. मग ते अर्ध्यातच राहिलं.

तीन किलोमीटर. पन्नासाला तीन म्हणजे शंभराला सहा.

सत्तेचाळीस हा आकडा रस्त्यावरच्या कुठल्या दगडावर नाही. कुठल्या नकाशात नाही. तो फक्त माझ्या गाडीच्या मीटरवर येतो. आणि त्या गाडीत आम्ही दोघीच असतो.

पूर्वेकडच्या काठावर एकही झाड उरलं नाही. लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या ठोकल्यात, लांबपर्यंत. आमच्या सपाट खडकावर पांढऱ्या रंगात "११" असं लिहिलंय. मास्तरीण त्या खडकापर्यंत आली नाही, गाडीपाशीच उभी राहिली. मी वळून तिच्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. म्हणून यंदा नको होतं हिला इथं यायला!

परतीच्या वाटेवर एकही आकडा ओरडले नाही.

१३ फेब्रुवारी

विचारलं. सकाळी, लॉजच्या खोलीत, ती वेणी घालत होती तेव्हा. सरळच विचारलं, कुणाला सांगितलंस?

"कुणालाच नाही."

मग आकडा काय पायी चालत गेला?

"ड्रायव्हर, मला माझ्या सीटवरून तुझा मीटर दिसतो तरी का?"

सहा वर्षांत एकदाही मान लांब केली नसशील?

ती आरशातून बघत राहिली माझ्याकडे. म्हणाली, "गुडघा दाखवू? सुजलाय." मी म्हटलं, राहू दे तो गुडघा. आणखीही बोलले. विकलंस म्हणाले. आईसाठीचं माझं रडणं विकलंस म्हणाले. तोंडाला येईल ते बोलत सुटले, आणि ती वेणी घालत राहिली. शेवटपर्यंत घातली, रबर लावलं, मग रस्तावही माझ्या पलंगावर ठेवली. "उरलेले फाटे तूच लिही. पेन्सिलीनं लिही, तुझं अक्षर शाईत वाचवत नाही."

बसथांब्यावर मीच सोडलं. तिन्ही पिशव्या तिनंच उचलल्या, मला हात लावू दिला नाही. लंगडत होती. दांडा धरून एकेक पायरी चढली. मागे वळून पाहिलं नाही. तेच मला सगळ्यात लागलं. निदान शिव्या तरी द्यायच्या.

१४ फेब्रुवारी

"पूल, सात पूर्णांक एक," असं मोठ्यानं ओरडले. मग आठवलं, लिहायला कुणी नाही.

१५ फेब्रुवारी

जंगलाच्या मधल्या रस्त्यानं एकटीच. दोन्हीकडे उंच झाडं, मध्येच झाडं बाजूला होतात आणि एक तळं दिसतं, मग पुन्हा झाडं. अशी पाच तळी. एकाचंही वर्णन लिहिता आलं नाही. आकडे लिहिले, पेन्सिलीनं.

चौदा वर्षं. तिच्या घराच्या किल्ल्या माझ्या जुडग्यात आहेत. तिच्या मोतीबिंदूच्या वेळी मी आठवडाभर तिथं राहिले होते. माणूस ओळखण्यात मी इतकी कच्ची?

दुपारी नवऱ्याचा फोन. मला वाटलं, आवाजावरून ओळखेल. घसा बसला होता माझा. म्हणाला, "वा, मजेत दिसतेस! मास्तरीणबाई काय म्हणतात?" म्हटलं, बऱ्या आहेत. ह्याला कळलं कसं नाही? रेंज वाईट होती, त्यामुळे असेल.

१६ फेब्रुवारी

काम अर्धं टाकून परत निघाले.

१७ फेब्रुवारी

घरी. नवऱ्याला एवढंच सांगितलं, मास्तरीण दमली म्हणून काम आटोपतं घेतलं. त्यानं जास्त खोदून विचारलं नाही. तळ्याचं काहीच बोलले नाही. राखीव ते राखीव. आता त्याचं काय राहिलंय म्हणा, पण जीभ वळली नाही.

आता ही वही नेहमीच्या जागी, कपाटात, पांघरुणांच्या खाली, आधीच्या वह्यांवर.

१८ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना नवऱ्यानं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाला, "तिनं मागे वळून पाहिलं नाही, तेच लागलंय ना तुला?"

मला रडूच फुटलं. एक शब्द सांगितला नव्हता मी! कालच्या दिवसात एक शब्द नाही. जग उलटं झालं तरी हा एक माणूस मला ओळखतो. त्याच्या खांद्यावर बराच वेळ रडले. तो म्हणाला, "जाऊ दे. काही माणसं अशीच निघतात. आता तू होऊन फोन करू नकोस तिला." आणि माझा कप विसळून ठेवला.

संध्याकाळी जरा बरं वाटतंय. जुनी वही काढून ते तळं सापडलं त्या दिवसाचं पान वाचावं म्हणते. निदान तेवढं तरी माझं आहे.

१९ फेब्रुवारी

वाचलं.

सहा वर्षांपूर्वीचं पान, माझंच अक्षर. "सुरूंचा पट्टा, मोडका वजनकाटा, तिथून डावीकडे मातीचा रस्ता. मास्तरिणीला तोंडी पन्नास सांगितले, इथं मात्र मीटरवरचाच आकडा लिहिते — ४७. आज हिशोब नाही. आज सुट्टी."

तीनदा वाचलं. बोर्डावर नेमका हाच क्रम होता. पट्टा, काटा, डावीकडे.

मास्तरिणीच्या डोक्यात सहा वर्षं पन्नासच होते. बोर्डाखाली उभी राहून तिनं तेच तर विचारलं होतं. मी ते ऐकलं, इथं लिहिलंसुद्धा, आणि तरी तिला लंगडत बसमध्ये चढू दिलं.

सत्तेचाळीस कुठं होते? ह्या पानावर. दुसरीकडे कुठंच नाही.

मग बाकीच्या वह्या काढल्या. जमिनीवर पसरून बसले. पाठ धरल्याचं जानेवारीत लिहिलंय, फेब्रुवारीत उशी. अक्षरं पुसट दिसतात असं लिहिलं, पुढच्याच आठवड्यात तो म्हणाला, चल, डोळे तपासून येऊ. आईच्या गावाकडे एकदा जावंसं वाटतं असं लिहिलं, आणि तो तिकिटं घेऊन आला. त्या दिवशी मी लिहिलं होतं, असा नवरा लाखात एक. तेही त्यानं वाचलं असणार. मागे वळून न बघितल्याचंही मी इथंच लिहिलं होतं, आणि वही पांघरुणांखाली ठेवली होती, एका रात्रीपुरती. प्रवासात वही माझ्यापाशी होती तर त्याला बसलेला घसासुद्धा कळला नाही.

साहेब झाला तो कुठल्याशा तळ्याच्या नकाशावर. सगळ्यांना फार आवडला म्हणे नकाशा. मी गल्लीभर सांगत फिरले होते. कुठलं तळं, एवढं विचारायचं राहिलं.

आणि काल सकाळी खांद्यावर घेऊन म्हणाला, तिला फोन करू नकोस.

२० फेब्रुवारी

वही नेहमीच्याच जागी ठेवते आहे, म्हणजे तुला शोधावी लागणार नाही. उशी पलंगावर आहे. मी मास्तरिणीकडे जाते. किल्ली आहे, पण बेल वाजवीन. तिनं उघडलं तर आत, नाहीतर पायरीवर. तेवढा बोर्ड दुरुस्त करायला सांग. पन्नास आहेत.