मंत्र्याचं नाक

चंद्रपूर, मंगळवार, संध्याकाळ

नाकच, पुन्हा. भामरागडचा रस्ता वाहून गेला, त्यावरचं माझं व्यंगचित्र आज संपादकांनी परत केलं. "अरे फौजी, मंत्र्याचं नाक वाढव ना बाप्पा! काऊन फोटोसारखं काढून राह्यला?"

हात वाढवतच नाही, त्याला मी काय करू? लढाईत माझं कामच ते होतं. समोरच्या डोंगराचं चित्र काढायचं. हात लांब, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर माप. त्या चित्रावरून आमचे तोफवाले नेम धरायचे. रेघ जराशी जास्त गेली की गोळा भलतीकडे, कदाचित आपल्याच पोरांवर.

घरी आल्यावर सरावासाठी बायकोला समोर बसवलं. पेन्सिल धरली, डोळा मिटला. ती हसता हसता थांबली.

"असं नका पाहू जी. मले भेव लागते."

मग दोन्ही डोळे उघडे ठेवून, माप न घेता तिला काढलं. नाक पार कानापर्यंत गेलं. ती पोट धरून हसली. उद्या मंत्र्याचंही असंच काढलं की संपादकही हसतील. अखेर जमलं म्हणायचं का हे?

पण मी त्या नाकाकडेच बघत बसलोय. हा गोळा कुठं पडला असता?