चाळीस फुटांना सहा इंच

बाबा,

आज वर्गात लोखंडाचं प्रसरण शिकवलं. तापवलं की लांबी वाढते, निवलं की कमी होते, आणि किती होते ते काढायचं सूत्र. फळ्यावर चाळीस फुटांच्या सळईचं गणित मांडलं आणि दरवर्षीसारखी तुमची गोष्ट सांगितली. पोरं हसली, घंटा झाली, आणि मी तपासायच्या वह्या बाजूला सारून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. त्या सळईच्या सहा इंचांबद्दल मी तुम्हाला एक खोटं सांगितलं होतं. तुम्ही होतात तोवर ते दुरुस्त करायला तोंड उघडलं नाही, आता कागदावर तरी जमतंय का बघते.

तुम्ही चौथी शिकलेले आणि मी नववीत, पण त्या वर्षीचं भौतिकशास्त्र आपण दोघांनी मिळून केलं. तुमची पहिली पाळी असायची. मी शाळेतून येईपर्यंत तुम्ही एमआयडीसीतून सायकल हाणत आलेले, अंघोळ झालेली, भुवयांत मात्र सळयांच्या मिलची काळी पूड तशीच. माय स्टोव्हवर चहा ठेवते, तुम्ही पाटावर मांडी घालून बसता आणि विचारता, हं, काय शिकवलं आज? माझं दप्तरसुद्धा अजून खांद्यावरच असतं. बाकीच्या पोरींचे वडील मार्क विचारायचे, तुम्ही धडा विचारायचात. आणि नुसतं ऐकून घेणाऱ्यातले तुम्ही नव्हतातच. पुस्तक म्हणतंय ते ठीक, पण का, हे तुमचं ठरलेलं. पाणी एकदा उकळायला लागलं की कितीही जाळ करा, तापमान वाढत नाही, असं मी वाचून दाखवलं त्या दिवशी तर तुम्ही बिलकुल मानायला तयार नव्हतात. मायने एकदा स्टोव्हकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, मंग मी इतकी वर्षं जाळ मोठा करून करून कुणाचं भलं करून राह्यले? दुसऱ्या दिवसापासून तिने उकळी आली की स्टोव्ह बारीक करायला सुरुवात केली. डाळ तेवढ्याच वेळात शिजली. पुढे महिनाभर गल्लीत भेटेल त्या बाईला माय ही अक्कल वाटत फिरत होती, आणि धडा जणू तिनेच लिहिलाय अशा थाटात. मला अजूनही उष्णतेचं प्रकरण म्हटलं की पुस्तक आधी आठवत नाही, ते आपलं दहा बाय दहाचं स्वयंपाकघर आठवतं.

मी कशी होते ते तुम्हाला काय सांगायचं. पडले तरी नाक वर. वर्गात माझ्याआधी कुणी उत्तर दिलं तर मला जेवण गोड लागायचं नाही. माय म्हणायची, ही पोरगी सासरी गेली तर सासूला तिच्याच घराचा पत्ता शिकवंल. तुम्ही हसायचात. मिलमधून एका बाजूने कोरे राहिलेले कागद आणून, दाभणाने शिवून तुम्ही मला वह्या करून द्यायचात, कच्च्या गणितांना. त्या कागदांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. माझ्या बाजूची मुलगी नाक मुरडायची आणि मी मुद्दाम वही तिच्या जवळ सरकवायचे.

अशाच एका कागदावर ते गणित झालं. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी त्या दिवशी प्रसरणांक शिकवला होता. लोखंड एक अंश तापलं की त्याची लांबी किती पटीने वाढते, तो आकडा. मी घरी येऊन तो सांगितला आणि तुम्ही पहिल्यांदाच ‘का’ असं विचारलं नाही. तुमचा चेहरा उजळला. तुम्ही म्हणालात, अगं, हे तर माझं रोजचं काम. तुम्ही मिलमध्ये कटरवर होतात. रोलमधून सळई लालभडक बाहेर येते, ती तशी लाल असतानाच कापावी लागते, आणि निवली की आखडते. गिऱ्हाइकाला चाळीस फूट पाहिजे असेल तर कापताना जास्तच ठेवायची. त्यासाठी त्या अंतरावर लोखंडी ठोकळा बसवलेला असायचा, स्टॉपर, आणि तो रोज सकाळी तुम्ही स्वतः मापून घट्ट करायचात. किती जास्त, मी विचारलं. सहा इंच, तुम्ही म्हणालात. तुमच्या उस्तादाने तुम्हाला शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादाने. इतक्या वर्षांत एक सळई कमी भरली नाही.

मी लगेच कागद ओढला. इंजिनिअर साहेब लाल सळई नऊशे डिग्री म्हणतात, हे तुम्हीच सांगितलेलं. नऊशेतून आपल्या जालन्याची हवा तीस वजा केली, पुस्तकातला आकडा घेतला, गुणाकार केला, इंचात आणलं. पाच आले. पुन्हा केलं, पुन्हा पाच. म्हटलं, बाबा, तुम्ही एवढी वर्षं प्रत्येक सळईमागे एक इंच लोखंड फुकट देताय. तुम्ही म्हणालात, असं कसं होईल? आणि मग मी जे बोलले ते अजून आठवलं की कानशिलं तापतात. म्हटलं, तुमच्या उस्तादाला सूत्र येत होतं का? मायने लाटणंच उगारलं. बापाला शिकवती का, म्हणाली. पण तुम्ही तिला हाताने थांबवलंत, माझ्या शेजारी सरकलात आणि एकेक पायरी समजावून घेतलीत. एकदा नाही, तीनदा. मग कागदाची घडी करून खिशात घातलीत.

"पुस्तक काय येड्यानं लिहिलंय का," तुम्ही म्हणालात. "येवढं बराबर मांडलंय तर असंल पाचच."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला वाटलं, तुम्ही कागद कुणाला तरी दाखवायला नेताय. सकाळी तुम्ही स्टॉपर पाच इंचांवर बसवाल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा सळया कापून झाल्या, पहिल्या दोन-तीन निवल्या, तुम्ही टेप लावला, आणि चाळीस फुटांना एक इंच कमी. सगळ्या अकरा शॉर्ट. सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं आणि तुम्हाला कटरवरून काढून लोडिंगला घातलं. हे मला तुमच्याकडून कळलं नाही. तुमच्याच पाळीतले दोघं चहाला आले होते, त्यांनी हसत हसत सांगितलं. तुम्हाला प्रोफेसर म्हणायला लागले होते ते. प्रोफेसर, कागद काढा की, असं. तुम्हीही हसत होतात, पण चहाची कपबशी डाव्या हातात धरली होती, कारण उजवा खांदा वर होत नव्हता. लोडिंग म्हणजे ट्रक भरायचा, अंगमेहनतीचं काम, आणि कटर म्हणजे मिलमधली मानाची जागा. ती मिळवायला तुम्हाला किती वर्षं लागली होती ते घरात सगळ्यांना माहीत होतं. परत मिळेल की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. माय माझ्याकडे वळली तशी मी भिंतीला चिकटले.

"पोरीला काही बोलू नको," तुम्ही म्हणालात. "तिचं गणित मी तीनदा बघितलंय. चूक कुठं हाये ते बाईला विचारून ये, बेटा."

बस, एवढंच पाहिजे होतं तुम्हाला. रागवायचं नव्हतं, चूक कुठे ते पाहिजे होतं.

बाईंनी कागद घेतला, दोन दिवस ठेवून घेतला. आपल्या कॉलेजची जुनी पुस्तकं घरून आणली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला बाकावर शेजारी बसवून दाखवलं, की शाळेच्या पुस्तकातला आकडा कमी तापलेल्या लोखंडाचा असतो. लोखंड लाल होईपर्यंत तापलं तर ते प्रत्येक अंशाला आणखी जास्त वाढत जातं. तो मोठा आकडा घेतला तर उत्तर जवळजवळ सहा. बाईंना एवढा आनंद झाला होता की त्यांच्या डब्यातली पोळी तशीच राहिली. त्यांनाही हे आधी माहीत नव्हतं, तसं त्यांनी सरळ सांगितलं. "तुझ्या वडिलांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आज घरी जाऊन पहिलं त्यांना हे सांग."

मी घरी आले. तुम्ही ओट्यावर बसलेले, माय तुमच्या खांद्याला तेल चोळतेय, समोर पाळीतले तेच दोघं. तुम्ही मान वर केलीत. काय म्हणल्या बाई, विचारलंत. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणाले, बाई म्हणाल्या, पुस्तक बरोबर आहे. गणितही बरोबर आहे. पण ते शुद्ध लोखंडाचं आहे, तुमच्या मिलमध्ये भंगार वितळवतात, त्यात सतरा धातू, म्हणून एक इंच इकडेतिकडे. कुठून सुचलं देव जाणे. म्हणजे आपल्या घरात देव कुठला, पण सुचलं.

तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत. मग हसायला लागलात, अगदी पोटातून, खांदा दुखत असताना.

"मंग तुझं गणित बराबर व्हतं म्हण की," तुम्ही म्हणालात. "भंगारच खराब निघालं."

त्या संध्याकाळी तुम्ही इतके खूश होतात, बाबा. पाळीतल्या दोघांना पुन्हा चहा झाला. विहारात गेलात तिथे सांगितलंत, की पोरीचं गणित बरोबर, आमचंच लोखंड भेसळीचं. किराणा दुकानात सांगितलंत. आठवड्याने तुम्हाला कटरवर परत घेतलं, कारण तुमच्या जागी बसवलेल्या माणसाने स्टॉपर नीट घट्टच केला नव्हता आणि सळया लांब-आखूड निघायला लागल्या. पहिल्या सकाळी तुम्ही ठोकळा सहा इंचांवर बसवलात आणि पुढची सगळी वर्षं सहावरच ठेवलात. पण प्रोफेसर हे नाव काही सुटलं नाही. तुम्हीच ते सुटू दिलं नाही. मी बीएस्सी झाले, बीएड झाले, वडीगोद्रीच्या शाळेत लागले, तेव्हा तुम्ही मिलमध्ये पेढे वाटलेत आणि म्हणे प्रत्येकाला पेढ्याबरोबर ती अकरा सळयांची हकिगतही दिलीत. नवीन पोरांना तर सक्तीने ऐकावी लागत होती.

एक मला अजून उमगत नाही. ती भंगाराची गोष्ट तुम्ही इंजिनिअर साहेबांनाही सांगितली होती, हे मायने मला तुम्ही गेल्यावर सांगितलं. ते शिकलेले गृहस्थ, त्यांना खरं कारण माहीत असणार, आणि तुम्ही ‘का’ म्हटल्याशिवाय राहणारे नव्हतात. मग त्यांनी सांगितलं असेल का? सांगितलं असेल तर तुम्ही घरी येऊन कधी एका शब्दाने बोलला नाहीत. माझ्या लग्नात, नोकरीत, तुमच्या आजारपणात, कधीच नाही. मायला विचारलं तर ती म्हणते, तुझ्या बापाच्या पोटातलं मला काय माहीत, तू त्याची लाडकी. अजून तशीच आहे ती. चहाला आधण आलं की माझ्या सुनेला सांगते, गॅस बारीक कर, याच्या वर गरम होत न्हाई ते.

बाईंनी सांगितलेलं खरं आता लिहिते, म्हणजे झालं. पाच इंच हे शाळेच्या पुस्तकातल्या आकड्याचं उत्तर होतं. लाल लोखंडाचं उत्तर सहा होतं. तुमच्या लोखंडात काही खोट नव्हती. तुमच्या उस्तादाचं बरोबर होतं, त्याच्या उस्तादाचं बरोबर होतं, आणि तुमचं तर होतंच. मी वर्गात दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिते. पोरं विचारतात, मॅडम, परीक्षेत कोणतं लिहायचं? मी म्हणते, परीक्षेत पाच लिहा, कामावर सहा. हसतात. त्यांच्यातल्या काहींचे आईवडील अजून त्याच एमआयडीसीत जातात, ती पोरं घरी जाऊन विचारून येतात आणि दुसऱ्या दिवशी मला नवे नवे आकडे आणून देतात. वर्षातला हा माझा सगळ्यात आवडता तास आहे, बाबा. त्या दिवशी मी नवी साडी नेसून जाते, हे कुणाला माहीत नाही.

हा कागद मी कुठे पाठवणार. घडी करून टाकीन कुठल्यातरी पुस्तकात. पण टाकायच्या आधी एक. वर्गात ही गोष्ट संपवताना मी दरवर्षी म्हणते, वडिलांना एवढा आनंद झालेला बघून मला खरं सांगवलं नाही. आजही तेच म्हणाले, आणि पुढच्या बाकावरच्या एका मुलीचे डोळे भरून आले. पण तुम्ही तर तिथे होतात. मी खोटं बोलले तेव्हा तुम्ही अजून हसला नव्हतात, तुमचा चेहरा उतरलेलाच होता आणि खांद्यावर तेल होतं. हसलात ते नंतर. ते तुमच्यासाठी नव्हतं, बाबा. तुमच्या पाळीतल्या दोन माणसांपुढे मला हरायचं नव्हतं, एवढंच.