संसर्ग म्हणजे काय गं?

घाटकोपर, सोमवार, १२ मार्च १९८४

डोकं फिरलंय नुसतं. बंड्याला कांजिण्या झाल्यात आणि सासूबाईंनी ‘घरात माता आलीय’ म्हणून अख्ख्या चाळीला ओटी भरायला बोलावलं! मी म्हटलं, “आई, हा संसर्गजन्य रोग आहे.”

“म्हणजे काय गं?”

शब्द मूळचा संस्कृत, संसर्ग म्हणजे मिसळणं, एकत्र येणं. रोग त्यातूनच पसरतो, असं समजावलं. तर म्हणतात, “मिसळायचं नाही, तर चाळीत राहायचं कशाला?”

मग शेजारची सुमन आली. सातवा महिना तिला. बंड्याच्या कपाळावरून हात फिरवला, आणि देवीचा आशीर्वाद म्हणून तोच हात स्वतःच्या पोटावरून. मी नर्स ना? मग दारातच का नाही अडवलं तिला? तो हात डोळ्यांसमोरून जात नाही.

जाताना म्हणाली, “ताई, तुम्ही घरात आहात म्हणून बिनधास्त आले.”