शाळिग्रामाला पीठ लावत नाहीत

प्रिय तुळसा,

कल्याणाहून अण्णाचे तुला आणि तुझ्या नव्या लेकीला पोटभर आशीर्वाद. हे पत्र तू स्वतः वाच. तुला अक्षरे शिकवली ती याचसाठी.

मुलगी झाल्याचे जावईबापूंचे कार्ड सोमवारी पोचले. 'प्रकृती उत्तम, कॉम्प्लेक्शन मात्र डार्क' असे लिहून मोकळे झाले. मराठीत काळी म्हणायला सासऱ्याची भीड वाटली असावी. सासरा तव्याचा पाठचा भाऊ, तेव्हा भीड योग्यच.

माझे इंग्रजी बेताचे. पण नवा शब्द दारी आला की त्याचे कूळ विचारल्याखेरीज मला जेवण जात नाही. हेडमास्तर त्र्यंबकरावांकडे विलायती व्युत्पत्तिकोश आहे, तो घेऊन दोघे ओटीवर बसलो. कॉम्प्लेक्शन म्हणजे मुळात कातडीचा रंग नव्हेच. उष्ण-शीत, ओले-कोरडे यांची अंगात पडलेली वीण. आपल्या वात-पित्त-कफाची मावसबहीण. पुढे लोक रंगावरून ती ओळखू लागले आणि शेवटी रंगच उरला. म्हणजे जावईबापूंनी एका ओळीत प्रकृती दोनदा लिहिली, एकदा उत्तम आणि एकदा डार्क. डार्कचे मूळ कोशकारालाही सापडले नाही. तोही बिचारा अंधारातच. ब्लॅक शब्द जळण्या-उजळण्याच्या धातूतला असावा, असा तर्क आहे. ब्राउन तर आपल्या संस्कृतातल्या पिंगट बभ्रूचा भाऊबंद, घरचाच. आणि फेअर म्हणजे आधी नुसते सुंदर. गोरे हा अर्थ पुष्कळ मागाहून येऊन तिथे बसला, तो आता उठत नाही. त्र्यंबकराव म्हणाले, शास्त्रीबुवा, नातीसाठी केवढा हा खटाटोप. मी म्हटले, भांडायला जायचे तर समोरच्याची शस्त्रे पाहून ठेवावीत.

तोवर मला गंमतच वाटत होती. काल तुझी आई ठाण्याहून परतली. विहीणबाईंना नाव गौरी ठेवायचे आहे म्हणे, नावामागून रंग येतो. तसे असते तर आमच्या आळीतल्या भीमाला चार पायऱ्या चढताना धाप लागली नसती. पण मी हसलो तरी तुझी आई हसली नाही. पाटावर बसली आणि घास न घेता उठली. फार विचारले तेव्हा म्हणाली, पोरीची पाठ सोलवटली आहे, मसुरीच्या पिठाने. विहीणबाई चोळतात का, मी विचारले. नाही, म्हणाली, आपली तुळसा.

बाळे, तू झालीस तेव्हा आळीतल्या बायकांनी हेच पीठ तुझ्या आईला आणून दिले होते. तिने त्याची थालीपिठे लावली, मी खाल्ली. तू उन्हात हुंदडलीस आणि आरशापुढे थांबायची तुला सवड झाली नाही. आता कोणाच्या बोलण्याने तुझा हात चालतो, ते मला कळते. पण विहीणबाई रोज शाळिग्रामावर दूध घालतात ना, तो गोरा व्हावा म्हणून? एक दिवस पीठ लावून घासून पाहा म्हणावे.

गुरुवारी बारसे. नाव ठेवायचे ते आत्याने, आजीने नव्हे, बापानेही नव्हे. तुझी नणंद गंगुबाई इथेच कल्याणात दिलेली. आज तिच्या घरी जाऊन आलो. तीही आपल्याच रंगाची, आणि तिची पाठही लहानपणी अशीच सोलून निघाली होती. तुला तिने कधी सांगितले नसेल. ती पाळण्याशी वाकून पोरीच्या कानात श्यामा म्हणणार आहे. रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के बसतील; विहीणबाईंचा यंदा जरा जोराने बसेल, त्याची तिची तयारी आहे. जावईबापूंनी अर्थ विचारला तर मी सांगेन, संस्कृतातून सांगेन आणि लांबलचक सांगेन. तू एवढेच कर. ती पिठाची वाटी आत्ताच्या आत्ता गाईपुढे रिती कर आणि पोरीला नुसते खोबरेल लाव, हलक्या हाताने. मी गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो. आल्यावर आधी तिची पाठ पाहीन, तोंड मागाहून.

तुझ्या आणि श्यामाच्या बाजूने उभा,
तुझाच
अण्णा