बत्तिसावा कप

सोमवार, २ नोव्हेंबर १९९८

साडेनऊला ऑफिसातल्या नऊही कॉम्प्युटरवर माझा चौकोन उघडला : "आज नाहीत – कोणी नाही." आणि समोर तीन खुर्च्या रिकाम्या!

प्रोग्रॅम बरोबर आहे. तीनदा तपासला. ज्याला उद्या यायचं नाही त्यानं आदल्या दिवशी कॅलेंडर उघडायचं, आपल्या नावाच्या ओळीत त्या तारखेला खूण करायची, पुढच्या रकान्यात कारण लिहायचं. सकाळी यादी आपोआप सगळ्यांना निरोप म्हणून जाते. एकतीस माणसं, एकतीस ओळी. पण खूण कोणी केलीच नाही तर यादी काय सांगणार?

हे काम माझ्याकडे आलं ते सूर्यभानमुळे. गेल्या महिन्यात पुण्याहून गिऱ्हाइकाची माणसं पंप तपासायला आली आणि ज्याच्या सहीशिवाय माल हलत नाही तो सूर्यभान सासुरवाडीला. कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, साहेबांना माहीत नव्हतं. गुंजाळ साहेब म्हणाले, "कोण कुठं आहे ते मला इथं बसून दिसलं पाहिजे."

त्यांना माणसं नको आहेत, यादी हवी आहे. असो. १ डिसेंबरला मला कायम करायचं की नाही, ते तेच ठरवणार.

बुधवार, ४ नोव्हेंबर

कॅलेंडरप्रमाणे आज एक गैरहजर. अकरा वाजता भामाबाई चहाचे ट्रे घेऊन आल्या. मी कप मोजले. का मोजले माहीत नाही, सवय. सत्तावीस. मग खुर्च्या मोजल्या. चार रिकाम्या. एक कप उरला नाही, एक कमी पडला नाही!

भामाबाई म्हणजे आमच्याकडे चहा करणाऱ्या. ठेकेदाराकडून आलेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

आज एकोणतीस. पुन्हा बरोबर. गवळ्याला विचारलं – दूध त्या साडेसातला घेतात आणि रोज वेगवेगळं घेतात. ऑफिस साडेआठला उघडतं. मग साडेसातला कसं कळतं?

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

सरळ जाऊन विचारलं.

"फळी सांगती," भामाबाई म्हणाल्या. स्टोव्हला पंप मारत होत्या. मान वर केली नाही.

"कोणती फळी?"

"ही काय, डोळ्याम्होरं! आठ म्हैनं झालं तुमाला येऊन आन् फळी बघितली न्हाई?"

भिंतीवर चार फळ्या. प्रत्येकाचा घरून आणलेला कप. माझा निळा. संध्याकाळी त्या सगळे धुऊन, पुसून, सुलटे मांडून जातात. ज्याला दुसऱ्या दिवशी यायचं नसेल तो घरी निघताना स्वतःचा कप पालथा घालतो. सकाळी सुलटे मोजायचे, तेवढ्याचं दूध घ्यायचं. झालं.

"हे कोणी सुरू केलं?"

"कुनाला ठावं. दूध वाया जाऊ नये म्हनून लागली सवय समद्यांला."

"साहेबसुद्धा घालतात?"

"त्यो न्हाई का सोनेरी काठाचा? परवा पालथाच हुता की! साहेब झाला म्हनून काय त्याच्या वाट्याचं दूध वाया घालवायचं?"

परवा साहेब गैरहजर होते. माझ्या कॅलेंडरवर त्यांचीच खूण नव्हती. मला हे कोणी सांगितलं नाही, कारण मी आठ महिन्यांत एकही रजा घेतलेली नाही.

फळीचं चित्र काढून घेतलं. चार फळ्या, प्रत्येकी आठ कप. बत्तीस. एकतीस कपांचे मालक भामाबाईंनी घडाघडा सांगितले, तेवढ्यात दूध उतू गेलं आणि त्या तिकडे धावल्या. शेवटचा, खालच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यातला, कान तुटलेला. तो चहाच्या ट्रेमध्ये कधी येत नाही. त्याच्यापुढे "जादा" लिहिलं.

सोमवार, ९ नोव्हेंबर

आता रोज निघताना फळी बघून वहीत टिपते. पालथ्या कपांच्या मानानं कॅलेंडरवरच्या खुणा निम्म्याही नाहीत. माणसं एकाला खरं सांगतात आणि दुसऱ्याला काहीच सांगत नाहीत. का?

ड्रॉइंगमधल्या फैयाजला विचारलं. तो हसला. "मॅडम, तुमचं कॅलेंडर कारण विचारतं. कप विचारत नाही."

"कारण लिहायला काय होतं?"

"काय लिहू? बायको भांडून माहेरी गेलीये, सासऱ्यासमोर हात जोडायला चाललोय? नऊ मॉनिटरवर?"

अकाउंट्सची जयमाला मागून म्हणाली, "मी आपलं दर वेळी 'घरगुती' लिहायचं आणि साहेबांनी चष्म्यावरून बघायचं. त्यापेक्षा कप बरा बाई!"

म्हणजे दोष माणसांत नाही, रकान्यात आहे.

मंगळवार, १० नोव्हेंबर

कारणाचा रकाना काढून टाकला. साहेबांना आधी विचारलं. "कारण नको? मग शिस्त कुठं राहिली?" मी म्हटलं, आठवडाभर बघू. "आठवडाच हं," म्हणाले.

शनिवार, १४ नोव्हेंबर

जुळलं! चार दिवसांत नऊ पालथे कप, नऊ खुणा. साहेब खूश. सगळ्यांना निरोप पाठवला – "कॅलेंडर हीच यापुढे अधिकृत नोंद."

भामाबाईंना सांगायला गेले. म्हणाल्या, "म्हंजी तुमचा काम्पुटर बी पालथं घालाया शिकला म्हना!" आणि मला अर्धा कप जास्त दिला. मी दुपारी चहा घेत नाही. घेतला.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

उद्या पुण्याला मुलाखत. सॉफ्टवेअर कंपनी, अकरा वाजता. घरी फक्त आईला सांगितलं आहे. इथं कायम होण्याआधी दुसरीकडे बघते आहे हे साहेबांना कळलं, तर इथलं संपलं.

रजेच्या अर्जावर "दाढ काढायची आहे" असं लिहिलं. कॅलेंडरनं कारण विचारणं सोडलं, अर्जानं सोडलेलं नाही. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "लवंग धरून ठेव, बरं वाटेल." खोटं लिहिताना माझा हात अजिबात हलला नाही. हे मला आवडलं नाही.

साडेपाचला निघताना पहिल्यांदा माझा कप पालथा घातला. फळीवर आज दोनच पालथे – माझा, आणि कोपऱ्यातला कान तुटलेला जादा कप. तो कोणीतरी धुऊन निथळायला ठेवला असेल.

बुधवार, १८ नोव्हेंबर

मुलाखत बरी झाली. पंधरा दिवसांत कळवू म्हणाले. परतीच्या गाडीत शिरूरपर्यंत उभी.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

जयमालानं गेटपाशीच गाठलं. "दाढ काढली का गं? कुठली?" डावी म्हटलं. दिवसभर उजव्या बाजूनं चावले.

भामाबाई नाहीत. कालही नव्हत्या. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. निरोपाच्या चौकोनांचा पाऊस : "चहा?" "चहाचं काय झालं?" "कोणी केला तर मी पण घेईन – फैयाज." मग सगळे उठून फळीपाशी उभे राहिले. जो तो आपापल्या कपाकडे बघत होता.

"मॅडम, तुमच्या कॅलेंडरला विचारा की," सूर्यभान म्हणाला.

उघडलं. एकतीस ओळी. भामाबाईंची ओळच नाही! मी कधी टाकलीच नव्हती. ठेकेदाराची माणसं यादीत घ्यायची असं कोणी म्हणालं नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्यांचं घर कुठं ते कोणाला माहीत नाही. आडनावही नाही. अकरा वर्षं चहा पितायत सगळे.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

ठेकेदाराचा सुपरवायझर काकासाहेब आला. त्यांचा नियम असा की न सांगता तीन दिवस गैरहजर राहिलं तर नाव कमी. आज तिसरा दिवस. त्याच्याकडे कागद तयार होता.

"मॅडम, तुमच्याकडं समदी नोंद असती म्हने. बाईनं कळवल्याचं काय हाय का?"

मी कॅलेंडर उघडलं, बघितलं आणि म्हटलं, "नोंद नाही."

ते त्यानं लिहून घेतलं. सोमवारी कागद साहेबांपुढे येईल. गेटवरचा वॉचमन म्हणाला, तिची पोरगी तिसगावला दिलीय, बाळंतपणाला टेकली होती.

"नोंद नाही" हे अचूक होतं. मग दिवसभर का खुपत राहिलं?

रविवार, २२ नोव्हेंबर

सकाळी पाथर्डीच्या गाडीनं तिसगावला गेले. स्टँडवर विचारलं, नगरला कंपनीत चहा करणाऱ्या बाईंची मुलगी कुठं राहते? विचारलेल्या दुसऱ्याच माणसानं, एका पानवाल्यानं, बोट दाखवलं. आम्हाला जे माहीत नव्हतं ते इथल्या पानवाल्याला माहीत होतं.

भामाबाई चुलीपुढे पाणी तापवत होत्या. मला बघून दचकल्या. "दीपाताई! तुमी? आन् हितं?"

मुलगी मंगळवारी अडली होती. निरोप पोचला तेव्हा पाच वाजले होते, शेवटची गाडी सहाची. नातू झाला. दोन दिवस मुलीला शुद्ध नव्हती, आता बरी आहे. मी सांगितलं की तुमचं नाव कमी करतायत, न सांगता गेलात म्हणून.

हातातलं फडकं तसंच राहिलं. "न सांगता? कप पालथा घालून आले की!"

"कोणता कप?"

"माझा! कोपऱ्यातला. कान तुटल्याला. समद्यांचं झालं की म्या त्यातच पिते. तुमी रोज फळी बघून वहीत लिवत हुता न्हवं? म्हनलं, दुसरं कुनी बगो न बगो, ताई बघंल." फडकं खाली ठेवलं. "बघितला न्हाई व्हय?"

"बघितला," मी म्हटलं.

निरोप मलाच होता. मी तो वाचला, तारीखवार टिपून ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी काकासाहेबाला सांगितलं – नोंद नाही.

"पोरीचा नवरा ऊसतोडीला गेलाय," भामाबाई म्हणाल्या, "हिला बी म्याच बघायची. काम गेलं तर कसं व्हायाचं?" मग स्वतःच विषय बदलला. बाळ माझ्या हातात दिलं. अडीच किलोच्या आतबाहेर असेल. मंगळवारी कामावर येते म्हणाल्या.

सोमवार, २३ नोव्हेंबर

साहेबांच्या टेबलावर कागद होता, बाजूला काकासाहेब. त्यात माझं वाक्य टाइप केलेलं : "कॅलेंडरप्रमाणे पूर्वसूचनेची नोंद नाही."

मी सगळं सांगितलं. फळी, कप, मंगळवारची संध्याकाळ, कालचं तिसगाव. म्हटलं, साहेब, तुम्हीही असंच कळवता.

काकासाहेब हसला. "मॅडम, काल तिसगावला शेंगोळे खाल्ले आन् आज आठवलं व्हय?"

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "कप पालथा म्हणजे सांगितलं, हे मी मानीन. मी स्वतः घालतो, नाही कसं म्हणू? पण दीपा, शुक्रवारी तू नोंद नाही म्हणालीस. आज आहे म्हणतेस. तिच्या घरी जाऊन आल्यावर. त्या दिवशी लिहिलेलं काही असेल तर दाखव. उद्या अकराला मी सही करणार."

असेल तर. आहे. हीच वही.

घरी येऊन सतरा तारीख काढली. कप खाली आहे. वर पुणे आहे, आणि मध्ये दाढ, लवंग, सगळं. कपाच्या दोन ओळी कापून देता येतील का ते पट्टी लावून बघितलं. मागच्या बाजूला बरोबर त्याच जागी अठरा तारीख येते – "मुलाखत बरी झाली." नुसता उतारा काढला तर तो आजचा होईल. काकासाहेबच म्हणेल, काल रात्री लिहिला.

पुण्याचं अजून काही कळलेलं नाही. १ डिसेंबरला आठ दिवस आहेत.

एका बाजूला हे सगळं, दुसऱ्या बाजूला कान तुटलेला एक कप. तरी विचार करायला इतका वेळ लागला, हेही लिहून ठेवते.

मंगळवार, २४ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

भामाबाई गेटवर उभ्या आहेत. आत सोडत नाहीत. कॅलेंडरमध्ये बत्तिसावी ओळ घातली. फळीवरचा शेवटचा कप सुलटा केला.

साहेब, वही तुमच्या टेबलावर ठेवते आहे, सतरा तारीख उघडून. नुसत्या शेवटच्या दोन ओळी नकोत, पान पूर्ण वाचा. माझी दाढ जागेवर आहे.