दिवसाआड गूळ

कुडपण, १२ ऑगस्ट २०२४

चि. मंगेश यास प्रयागआक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बिरवाडीच्या खोलीवर राहून आले, पण झोप काही लागली नाही रे. डास कमी पडले तर तुझं घोरणं होतंच. इथे फोनला रेंज नाही, म्हणून कागद घेतला.

आनंदाची बातमी अशी, की मला गूळ खायला मिळतोय. पोलादपूरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, साखर उतरून हात थरथरले, घाम सुटला की खडा तोंडात टाकायचा. हल्ली दिवसाआड दुपारी थरथर सुटते. खडा खाते, गोधडीत शिरते, मग दरदरून घाम येऊन अंग हलकं होतं. मध्ये अंग तापतं, ते गुळाच्या उष्णतेनं. सूनबाई मैना म्हणते, आत्या गुळासाठीच थरथरतात. म्हणू दे. थकवा मात्र फार आलाय, काल विहिरीच्या वाटेवर बसावं लागलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आक्का

बिरवाडी, १६ ऑगस्ट

ती. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. साखर अशी दिवस धरून उतरत नाही गो. तू गेल्यावर शेजारच्या खोलीतल्या दोघांना मलेरिया निघाला, त्यांचीही थरथर दिवसाआडच. इथल्या डॉक्टरांना तुझं पत्र दाखवलं. ते म्हणाले, मधुमेह असला की हा ताप लवकर जिवावर बेतू शकतो, त्यात गुळानं साखर चढत असणार ती वेगळीच.

जीपवाल्या शुभमच्या तोंडी निरोपावर तू हलणार नाहीस, म्हणून त्याच्या जीपबरोबर हे लिहून देतोय. मी महाडच्या दवाखान्यात खाट धरून बसतो. उत्तर लिहू नकोस, गाडीत बस. आई गेल्यापासून मला रागवायला तूच उरली आहेस.

तुझा मंगेश

कुडपण, २ ऑक्टोबर

चि. मंगेशला आशीर्वाद.

आता चुलीपाशी बसवतं. दवाखान्यात मी कुणाला ओळखत नव्हते, तुला आपले आबा समजून हाका मारल्या म्हणे. डॉक्टरांनी मैनेला सांगितलं, आणखी एक थरथर घरी काढली असती तर कठीण होतं. आता हात थरथरले की ती आधी बोटाला टोचून साखर बघते, माझ्या कपाळाला हात लावून ताप बघते, मग गुळाचा डबा उघडते. सासू मी आहे की ती, कळत नाही.

उत्तर लिहू नकोस म्हणालास. धाकट्याचं कधी ऐकलं नाही, तेवढं ऐकलं. म्हणून आज हे उत्तर लिहिता येतंय.

मच्छरदाणी लाव, आणि लोभ ठेव.

तुझी आक्का