बंदी काळ, तेवीस जागी

३ जुलै
शेठनं आज बर्फ फोडण्यातून काढून ऑफिसात बसवलं. मुरुडला बर्फाचा कारखाना आणि मासळीचं गोदाम दोन्ही रितेशशेठचंच. म्हणाले, मोबाईलवर बघून कॉम्प्युटर शिकलास ना, मग रिपोर्ट सांभाळ. महिनाभर बघतो, जमलं तर खुर्ची कायम. हिंगोलीला आईला फोन केला. साहेब झालो म्हणून सांगितलं.

५ जुलै
सॉफ्टवेअर कंपनीची मृणाल पनवेलहून आली. तोंडात सारखं इंग्लिश. पावसाळ्यामुळे जुलैअखेरपर्यंत सरकारी मासेमारी बंदी आहे, म्हणून प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर 'बंदी काळ' ही ओळ पाहिजे. ती म्हणते, दादा, ओळ रिपोर्टात लिहू नका. टेबलात, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तक्त्यात, एकदाच ठेवा, नंबर द्या, सगळे रिपोर्ट तिथून उचलतील. बदलायची तर एकाच जागी बदलायची.
हो म्हटलं. पण मी काय दूधखुळा आहे? एकाच जागी बदलता आली तर कुणीही बदलेल. मग मला कोण विचारतो?

६ जुलै
तेवीस रिपोर्टांत हातानं ओळ घातली. आता कुठं काय आहे ते फक्त मला माहीत. मधेच मृणालचा फोन, टेबल रिकामं दिसतंय म्हणे. कट केला. पोरीला दुसरी कामं नाहीत.

२९ जुलै, सकाळी ९
ठरवलं. बंदी उठली की सगळ्या ओळी काढायच्या. आधी यादी करायची.
दुपारी ४. यादी डोक्यात आहे. कागद कच्च्या माणसाला लागतो.

१ ऑगस्ट
बंदी उठली. ओळी काढल्या. बावीस. तेविसावी सापडेना. बहुतेक बावीसच घातल्या होत्या. मोजताना त्या बाईनं फोन केला होता ना.

४ ऑगस्ट
धर्मा तांडेलाची, म्हणजे नाखव्याची, होडी पहिली मासळी घेऊन आली. चौदा टोपल्या. रिपोर्ट मी स्वतः काढला, स्वतः मत्स्य कार्यालयाला पाठवला. कुणी शाब्बास म्हणालं नाही. जळतात.

६ ऑगस्ट
मत्स्य कार्यालयानं धर्माची होडी जेट्टीला अडवली. रिपोर्टात वर 'बंदी काळ', खाली त्याच्या चौदा टोपल्या. तेविसावी इथं होती.
धर्मा ऑफिसात घुसला. "दोन महिनं मी जाळी शिवत व्हतो, आन् तू मला चोर ठरवतंस व्हय रं, हिंगोलीकर? होडी न्हाय सुटली तर माझी मानसं काय तुझा कंप्युटर खातील?"
सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे म्हटलं. मृणालला विचारा. शेठनं खरंच विचारलं. टेबल रिकामं आहे, ओळी मी हातानं घातल्या, हे तिनं सांगून टाकलं. कळ लावायला हिला बरं जमतं.

७ ऑगस्ट
मृणाल आली. तेवीसच्या तेवीस रिपोर्ट टेबलाला जोडून दिले. चहा पण प्यायली नाही.
कार्यालयाला माफीपत्र द्यायचं ठरलं. शेठ सांगत गेले, मी टाईप करत गेलो. 'सदर चूक आमच्या अशिक्षित हंगामी कामगाराची असून...' मी थांबलो. नवीन कामगार असं लिहू का विचारलं. शेठ म्हणाले, सांगतो तेच लिही, आणि उद्या सहाला बर्फावर ये.
संध्याकाळी होडी सुटली. पत्र मृणालनं टेबलात 'बंदी काळ'च्या खाली टाकून ठेवलं, मजकूर नंबर दोन. म्हणाली, दादा, पुन्हा लागलं तर लिहीत बसू नका. तारीख तेवढी बदला.